एमआरआयमध्ये एवढं सगळं निघालं, पण यातलं दुखतंय नेमकं कोणतं?

नीरजा_

रिपोर्टमधल्या ओळी जशाच्या तशा देते, मग प्रश्न विचारते.

"एल३-एल४, एल४-एल५ व एल५-एस१ चकत्यांचं डेसिकेशन. एल४-एल५ ला डिफ्यूज डिस्क बल्ज, थिकल सॅकवर किंचित इंडेंटेशन, उजव्या न्यूरल फोरामेनचं माइल्ड नॅरोइंग. एल५-एस१ ला पोस्टेरिअर अ‍ॅन्युलर टेअर, एंडप्लेटला मॉडिक टाइप टू बदल. एल३ च्या खालच्या एंडप्लेटवर श्मॉर्ल्स नोड. लम्बर लॉर्डोसिस कमी, मसल स्पाझम असू शकतो."

वय ४१. दुखणं कंबरेत, डावीकडे जास्त, कधी कधी डाव्या नितंबापर्यंत उतरतं. त्याच्या खाली काही नाही. मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही. सकाळी उठल्यावर थोडा वेळ कंबर धरलेली असते, मग सुटते. सुरुवात झाली ती घरातलं कपाट सरकवल्यानंतर.

सासूबाई म्हणतात गादी सरकली, दीर म्हणतात मणक्यात गॅप आलाय, मैत्रीण म्हणते नस दबली. डॉक्टर रिपोर्ट चाळून "डीजनरेशन आहे, वाकू नका, वजन उचलू नका" एवढंच म्हणाले. रिपोर्ट हातात येईपर्यंत दुखत असलं तरी मी मुलाला कडेवर घेत होते, जिने चढत होते. आता खाली पडलेला रुमाल उचलायलासुद्धा आधी गुडघे टेकते. दुखणं होतं तेवढंच आहे, धास्ती मात्र वाढली.

प्रश्न एवढाच: या यादीतलं दुखणारं कोणतं? आणि वाकायचं नाही म्हणजे कायमचं?

शंकासुर

चाळिशी क्लबात स्वागत. माझा जुना रिपोर्ट काढून बघितला, डावं-उजवं सोडलं तर तुमचाच कॉपी-पेस्ट वाटतोय. सध्या ठणठणीत आहे.

अवखळ

+१. वाचतोय.

फिल्मवाचक

असे रिपोर्ट लिहिणं हा माझा रोजचा धंदा. फिल्म न बघता तुमच्या कंबरेबद्दल बोलणार नाही, पण या शब्दांबद्दल सांगू शकतो. एल म्हणजे कंबरेचे मणके, एस१ त्यांच्याखालच्या माकडहाडाकडच्या हाडाचा पहिला भाग; एल४-एल५ म्हणजे त्या दोन मण्यांमधली चकती. थिकल सॅक म्हणजे नसांभोवतीची पिशवी.

मणक्याच्या एमआरआयमध्ये आम्ही सगळ्यात आधी उघडतो ती टी२ मालिका. तिच्यात पाणी पांढरं दिसतं. तरुण चकतीच्या मधल्या गराचा साधारण ८० टक्के भाग पाणी असतो, म्हणून ती राखाडी काठाच्या आत उजळ दिसते. पाणी कमी झालं की ती काळवंडते. डेसिकेशन म्हणजे एवढंच. ही चकती शरीरातला रक्तवाहिन्या नसलेला सगळ्यात मोठा भाग आहे, तिचं पोषण वरच्या-खालच्या मण्यांच्या पातळ थरातून, म्हणजे एंडप्लेटमधून, झिरपत येतं. त्यामुळे ती लवकर सुकायला लागते, अगदी विशी-तिशीतही.

बल्ज म्हणजे चकतीची कड परिघाच्या पाव भागापेक्षा जास्त भागात बाहेर झुकलेली. त्याहून कमी भागात, एका जागी बाहेर आली तर प्रोट्रूजन. आतला गर बाहेर येऊन मानेपेक्षा डोकं मोठं अशा आकाराचा झाला तर एक्स्ट्रूजन. तुकडा सुटाच झाला तर सिक्वेस्ट्रेशन. गांभीर्य वाढत जातं ते या क्रमाने. तुमच्याकडे आहे ती पहिली पायरी.

श्मॉर्ल्स नोड म्हणजे चकतीचा थोडा भाग मण्याच्या हाडात घुसलेला. बहुतेक वेळा वर्षानुवर्षांचा असतो आणि मालकाला पत्ताही नसतो. मॉडिक टाइप टू म्हणजे चकतीला लागून असलेल्या हाडाच्या आतल्या मज्जेत चरबी वाढलेली. टाइप वनमध्ये तिथे सूज असते आणि दुखण्याशी त्याचा संबंध जास्त सापडतो. तुमच्याकडे टू आहे.

आता लॉर्डोसिस. मशीनमध्ये तुम्हाला उताणं झोपवून गुडघ्यांखाली उशी दिली होती का? बहुतेक दिलीच असेल. त्यानेच कंबरेचा बाक कमी होतो. त्यावरून "स्पाझम असू शकतो" लिहिण्याची आमच्या बिरादरीची खोड मला आवडत नाही.

बाकी आकडे. २०१५ साली ब्रिंजिकजी आणि सहकाऱ्यांनी ३३ अभ्यास एकत्र करून ३,११० माणसांचे स्कॅन मोजले. यातल्या कुणाचीही पाठ दुखत नव्हती. चकतीची झीज विशीतल्या ३७ टक्के लोकांत आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत. बल्ज विशीत ३० टक्के, ऐंशीत ८४ टक्के. अ‍ॅन्युलर फिशर, म्हणजे तुमच्या रिपोर्टमधलं टेअर, चकतीच्या काठाला गेलेली चीर, विशीत १९ टक्के. पुन्हा सांगतो, न दुखणाऱ्या पाठीत.

कोदंड

आकडे छान आहेत. पण दरवेळी हे ऐकवलं की पेशंटच्या कानात "तुमचं दुखणं मनाचं आहे" असंच पडतं. मला एका मोठ्या दवाखान्यात "वयोमानानुसार आहे, सोडून द्या" म्हणून कित्येक महिने बोळवलं. पाय ओढत चालत होतो, तरी! शेवटी ऑपरेशन झालं आणि दुसऱ्या दिवशी पाय हलका. मग माझ्या फिल्ममधला तो गोळा काय न दुखणाऱ्यांचाच होता का?

फिल्मवाचक

कोदंड, रास्त आहे. म्हणून आकड्यांची दुसरी बाजूही सांगतो, जी अशा चर्चेत सहसा गाळली जाते.

त्याच गटाने त्याच वर्षी पन्नाशीच्या आतले दुखणारे आणि न दुखणारे यांची तुलनाही केली. बल्ज, प्रोट्रूजन, एक्स्ट्रूजन, मॉडिक टाइप वन हे सगळं दुखणाऱ्यांत जास्त निघालं. म्हणजे स्कॅनमध्ये दिसतं ते सगळं निरर्थक, असं अजिबात नाही. गटांमध्ये फरक दिसतो. अडचण एका माणसापुढे बसल्यावर येते: याच्या काळ्या चकतीने याला दुखतंय का, हे त्या चित्रावरून सांगता येत नाही.

आणि तुमचं प्रकरण मुळातच वेगळं. १९९४ साली जेन्सन यांनी पाठ न दुखणाऱ्या ९८ जणांचे स्कॅन छापले. ५२ टक्क्यांना बल्ज, २७ टक्क्यांना प्रोट्रूजन. एक्स्ट्रूजन मात्र फक्त १ टक्का. पाय ओढला जात होता आणि फिल्ममध्ये मोठा तुकडा दिसत होता, तर त्याला "वयोमानानुसार" म्हणणारा चुकला होता, स्कॅन नव्हे.

पायपीट

मी फिजिओथेरपिस्ट. नीरजाताईंच्या पोस्टमध्ये एक गोष्ट आहे, तिच्याकडे अजून कुणी बोट दाखवलं नाही. फोरामेन, म्हणजे नस मणक्यातून बाहेर पडते ते भोक, अरुंद झालंय ते उजवं. दुखतंय डावं.

मी रिपोर्ट बघतो तो या एका प्रश्नासाठी: पाय जे सांगतोय तेच चित्र सांगतंय का? एल४-एल५ च्या फोरामेनमधून बाहेर पडते एल४ ची नस. ती चिडली तर कळ मांडीच्या पुढच्या बाजूने गुडघ्यावरून नडगीच्या आतल्या अंगाला उतरते. ताईंना यातलं काही नाही. त्याच चकतीचा गोळा मधल्या पोकळीत एका बाजूला आला असता तर खाली निघालेली एल५ सापडली असती. मग पावलाच्या वरच्या भागात बधिरपणा येतो, अंगठा वर उचलायला जोर पुरत नाही. एल५-एस१ ला गोळा असेल तर बहुधा एस१ दबते: पावलाची बाहेरची कड आणि तळवा बधिर, एका पायाच्या चवड्यावर उभं राहता येत नाही, घोट्याचा रिफ्लेक्स मंद.

हे तपासायला लागतं एक टेबल, एक रिफ्लेक्स हातोडी आणि थोडा वेळ. उताणं झोपवून गुडघा सरळ ठेवून पाय उचलायचा. साधारण ३० ते ७० अंशांच्या दरम्यान गुडघ्याच्या खालपर्यंत वीज गेल्यासारखी कळ आली तर नसेचा संशय बळावतो. मांडीच्या मागे नुसतं ताणल्यासारखं झालं तर ते बहुतेकदा स्नायूंचं आखडणं. कित्येक पेशंट माझ्याकडे फिल्मची भली मोठी पिशवी घेऊन येतात आणि त्यांचा पाय तोवर कुणी उचलून बघितलेला नसतो.

ताई, तुमच्या डॉक्टरांनी हे केलं का?

नीरजा_

नाही. रिपोर्ट बघितला, बसल्या जागी दोन प्रश्न विचारले, झालं. उशी दिली होती, हो!

मीही_दुखरा

एक तेल आहे, आयुष्यभराची गादी पंधरा दिवसांत जागेवर

*[प्रतिसाद संपादित: जाहिरात. व्यवस्थापन]*

शंकासुर

अरेरे, माझी गादी जागेवर यायची ती राहिलीच.

दुसरंमत

एमआरआयवर माझा विश्वास एका शोधनिबंधाने हलवला. २०१७ चा, हर्झॉग आणि मंडळींचा. ६३ वर्षांची एक बाई, कंबरदुखी आणि उजव्या पायात कळ. तिला तीन आठवड्यांत दहा वेगवेगळ्या केंद्रांवर पाठवलं. दहा रिपोर्टांत मिळून ४९ वेगवेगळ्या गोष्टी नोंदल्या गेल्या. दहाही जणांनी लिहिली अशी गोष्ट किती? शून्य. आता फिल्मवाचक काय म्हणतात ऐकू या.

फिल्मवाचक

म्हणतो ना. निबंध खरा आहे आणि आम्हाला झोंबणाराही. पण तो एकाच पेशंटवर आहे, हे आधी लक्षात घ्या. शिवाय दहा मशीन, दहा सेटिंगं.

मोठं कारण मात्र तेही नाही. "किंचित" कुठे संपतं आणि "मध्यम" कुठे सुरू होतं, याची रेघ प्रत्येकाच्या डोळ्यात वेगळी असते. शिवाय काही जण दिसेल ते सगळं लिहितात, कारण न लिहिलेलं अंगाशी येतं, लिहिलेलं सहसा येत नाही. आणि आमच्याकडे येणाऱ्या चिठ्ठीवर काय असतं? "कंबरदुखी." बस्स. कुठला पाय, कुठपर्यंत, ताकद कशी, काही नाही. "डावा पाय, अंगठा कमजोर, एल५?" एवढं लिहून आलं तर मी डाव्या एल५ वर दुप्पट वेळ घालवतो आणि रिपोर्टची पहिली ओळ त्याबद्दल असते. नीरजाताई, पुढे कधी स्कॅन करावा लागलाच तर चिठ्ठीवर हे लिहून घ्या. तुम्ही सांगितलंत तर ते लिहितील.

अवखळ

मग रिपोर्टखालीच "हे न दुखणाऱ्यांतही दिसतं" असं छापत का नाहीत? निम्मी धास्ती तिथेच जाईल.

फिल्मवाचक

करून बघितलंय. अमेरिकेत सुमारे अडीच लाख रुग्णांच्या रिपोर्टांत वयानुसार टक्केवारी टाकली, २०२० साली निष्कर्ष आले. पुढच्या तपासण्या आणि उपचार एकूणात कमी झाले नाहीत. अफूजन्य वेदनाशामकं लिहिण्याचं प्रमाण जरासं घटलं, तेवढंच. रिपोर्टच्या तळाशी छापलेलं कोण वाचतो? समोर बसून कुणीतरी सांगावं लागतं.

सावळी

सगळे "स्कॅन नको" या सुरात बोलायला लागलेत, म्हणून लिहिते. माझ्या वडिलांना मधुमेह होता. कंबर दुखायची, सगळ्यांना वाटलं वयाची. पण दुखणं झोपल्यावरही थांबायचं नाही. रात्री दोनला उठून भिंतीला टेकून बसायचे, संध्याकाळी कणकण यायची. वजन उतरलं. शेवटी एमआरआय झाला तेव्हा दोन मण्यांमध्ये जंतुसंसर्ग निघाला. औषधं लांबली, पण बरे झाले. तो स्कॅन आधी झाला असता तर बरंच टळलं असतं.

पायपीट

सावळी, हे लिहिलंत ते बरं केलंत. स्कॅन लगेच लागतो तो अशांनाच. ताप किंवा कणकण, कारणाशिवाय उतरणारं वजन, आधी झालेला कर्करोग, पडून रात्रीही न थांबणारं दुखणं. बराच काळ स्टेरॉइडवर असलेला किंवा हाडं ठिसूळ झालेला माणूस साधा आपटला तरी. पायाची ताकद दिवसागणिक कमी होत असेल तरी.

आणि एक गोष्ट वेगळी सांगतो, कारण तिथे तास मोजावे लागतात. लघवी तुंबणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, घोड्यावर बसल्यावर खोगिराला टेकतो तेवढा भाग बधिर होणं, दोन्ही पायांत कमजोरी. याला कॉडा इक्विना म्हणतात. यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच इमर्जन्सीत जा.

यातलं काहीच नसेल तर बहुतेक मार्गदर्शक तत्त्वं साधारण सहा आठवडे उपचार करून मग बघा म्हणतात. २००९ मध्ये लॅन्सेटमध्ये सहा चाचण्यांचा, १,८०० हून जास्त रुग्णांचा आढावा आला होता. धोक्याची चिन्हं नसताना लगेच स्कॅन केलेल्यांचं दुखणं बाकीच्यांपेक्षा काही लवकर गेलं नाही.

नीरजा_

कपाटाचं काय मग? मी ते सरकवलं नसतं तर? हे डोक्यातून जात नाही. घरातही दिवसातून एकदा ऐकवलं जातंच.

पायपीट

कपाट सरकवल्यावर कंबर लचकली, हे खरं असू शकतं. पण सुकलेल्या तीन चकत्या आणि श्मॉर्ल्स नोड कपाटाने एका दुपारी तयार केले नाहीत, ते आधीपासून तिथे होते. फिनलंडमधल्या जुळ्या भावांवर बॅटी आणि व्हिडेमन यांनी केलेला अभ्यास यासाठी प्रसिद्ध आहे. एकसारख्या जुळ्यांपैकी एक जन्मभर अंगमेहनत करणारा, दुसरा खुर्चीवरचा. तरी चकत्यांची झीज दोघांत बरीच सारखी. ओझ्याचा वाटा अपेक्षेपेक्षा फारच कमी निघाला, आनुवंशिकतेचा मोठा. घरच्यांना सांगा, कपाटापेक्षा आजोबांना विचारा.

वाकण्याबद्दल: कायमचं न वाकणं हा सल्ला तुम्ही सांगितलेल्या लक्षणांना मला पटत नाही. सुरुवातीच्या तीव्र दुखण्यात थोडे दिवस जपणं ठीक. त्यानंतर हळूहळू पुन्हा वाकायला, उचलायला लागणं हाच उपचाराचा भाग असतो. रुमालापासून सुरुवात करा. मुलगा किती वजनाचा आहे त्यावर त्याचा नंबर कधी ते ठरवू.

कोदंड

माझ्या ऑपरेशनबद्दल एक प्रश्न राहून गेला. सर्जन म्हणाले होते की थांबलो असतो तर गोळा आपोआपही विरला असता कदाचित. खरंच असं होतं? की ऑपरेशन झाल्यावर सुचलेलं शहाणपण?

फिल्मवाचक

होतं, आणि गंमत म्हणजे मोठ्या तुकड्यांचं जास्त होतं. प्रकाशित अभ्यासांच्या एका एकत्रित पाहणीत सुटलेले तुकडे ९६ टक्के प्रकरणांत आपोआप लहान झाले किंवा गेले. एक्स्ट्रूजन ७० टक्के, प्रोट्रूजन ४१, साधा बल्ज १३. कारण बाहेर पडलेला गर शरीराला परका वाटतो, तिथे रक्तवाहिन्या येतात, पेशी त्याला खायला लागतात. बल्ज काठाच्या आतच असतो, त्याच्यापर्यंत हे सैन्य फारसं पोचत नाही. म्हणूनच सहा महिन्यांनी पुन्हा फिल्म काढली आणि बल्ज तसाच दिसला तर त्यात नवल नाही.

पण तुमचा पाय कमजोर होत होता. अशा वेळी गोळा विरण्याची वाट बघत बसणं सगळेच सर्जन मानणार नाहीत. तुमचा निर्णय चुकला असं मला वाटत नाही.

दुसरंमत

एक्स-रेवर भागत नाही का? स्वस्तातलं आणि पटकन.

फिल्मवाचक

एक्स-रेत चकती दिसत नाही, नस दिसत नाही. दोन मण्यांमधली जागा कमी झालेली दिसते, फ्रॅक्चर दिसतं, एक मणा दुसऱ्यावर पुढे सरकलेला दिसतो. फ्रॅक्चरची शंका असेल तर काढा. नुसत्या कंबरदुखीला उगाच किरणोत्सर्ग. एमआरआयमध्ये तो नसतो. कॉन्ट्रास्टचं इंजेक्शनही नेहमी लागत नाही, ते संसर्ग, गाठ किंवा ऑपरेशननंतरच्या शंकांसाठी.

नीरजा_

धागा वर काढतेय. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले होते. पायपीट यांनी लिहिलेलं सगळं त्यांनी केलं: पाय उचलले, अंगठे दाबून बघितले, चवड्यांवर आणि टाचांवर चालवलं, हातोडी मारली. नसेचं काही नाही म्हणाले. रिपोर्ट शेवटी बघितला, तोही मी पुढे केला म्हणून. व्यायाम दिलेत. दुखणं अजून आहे, पण मुलगा कडेवर आहे.

आता नवऱ्याचा हट्ट आहे की तीन महिन्यांनी पुन्हा एमआरआय करून "सुधारणा किती" ते बघू. करावा का?

फिल्मवाचक

नवी लक्षणं नसतील तर नको. २०१३ साली सायटिकाच्या, म्हणजे नस दबून पायात कळ जाणाऱ्या, रुग्णांचा एक वर्षानंतर पुन्हा स्कॅन करून बघितला होता. बरे झालेल्यांपैकी ३५ टक्क्यांच्या फिल्ममध्ये गोळा अजून तसाच होता. बरे न झालेल्यांत ३३ टक्के. फिल्म बघून कोण बरा आणि कोण नाही, हे ओळखता येत नव्हतं. तुमच्या चकत्या पुढच्या स्कॅनमध्येही काळ्याच दिसतील, आणि नवरोबा तुम्हाला पुन्हा रुमालापाशी गुडघे टेकायला लावतील. सुधारणा मोजायचीच असेल तर किती चालता, किती वेळ बसता, मुलाला किती वेळ घेता ते मोजा.

पायात कळ उतरायला लागली, ताकद गेली किंवा पायपीट यांच्या यादीतलं काही दिसलं, तर मात्र विचारत बसू नका, करून घ्या. आणि आत्ताची सीडी जपून ठेवा. पुढे कधी स्कॅन झालाच तर वाचणारा पहिल्यांदा जुनी फिल्म मागेल.